सॉकेट बदलला तरी पुन्हा काळा पडतो, पुन्हा तोच जळका वास: घरातली आग तिथूनच सुरू होते

मार्च संपत आला की सोलापुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि मला फोन सुरू होतात. "अण्णा, मागच्या उन्हाळ्यात बदललेला सॉकेट परत काळा पडलाय." "पिन काढायला गेले तर चटका बसला." "बटण दाबलं की चरचर होतं, पण लाइट जात नाही म्हणून चालू ठेवलंय." मी घरगुती वायरिंगची कामं करतो. जुळे सोलापूरमधला फ्लॅट असो, साखर पेठेतलं जुनं माळवदाचं घर असो की विडी घरकुलातली पत्र्याची खोली, तक्रार हीच असते. आधी करून पाहिलेला उपायही बहुतेक ठिकाणी एकच असतो. जळलेला सॉकेट काढला, नवा बसवला, संपलं.

ते संपत नाही. कारण तसंच राहिलेलं असतं, त्यामुळे नवा सॉकेटही त्याच वाटेनं जातो. आणि दर वेळी तो नुसता काळा पडून थांबेल असं नाही. बोर्डाला लागून पडदा असतो, गादी असते, खाटेखाली चादरींचे गठ्ठे असतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. वाचून झाल्यावर निदान आपल्या घरातला एक बोर्ड तरी तपासा.

एवढं तापतं तर एमसीबी का पडत नाही?

हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला जातो. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातलं आपोआप पडणारं बटण, दोनच गोष्टी ओळखते. वायरीतून ठरलेल्यापेक्षा जास्त करंट जातोय का, आणि कुठे शॉर्ट झालंय का. जोड ढिला असतो तेव्हा यातलं काहीच होत नाही. करंट असतो तेवढाच राहतो, उलट किंचित कमीच होतो. मात्र पिन आणि सॉकेटमधली पितळी पट्टी जिथे एकमेकींना घट्ट धरत नाहीत तिथे करंटला अडथळा होतो, आणि तो अडथळा तापतो. किती तापतो याचा हिशोब सोपा आहे: करंटचा वर्ग गुणिले अडथळा. ३००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो. सॉकेटमध्ये फक्त ०.२ ओहम अडथळा असला तरी त्या एका टिंबाएवढ्या जागेत सुमारे ३४ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडचा डाग द्यायचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. तो भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत कोंबून चालू ठेवावा, तसं हे आहे. एमसीबीला यातलं काही कळत नाही.

आरसीसीबीचंही, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणाऱ्या बटणाचंही, तेच. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घरात असायलाच हवी. कूलरच्या पत्र्याला करंट उतरला तर तीच जीव वाचवते. पण ती गळती पकडते, ढिला जोड पकडत नाही.

पुढे हे चक्र आपोआप वाढत जातं. तापलं की पितळी पट्टीचा ताठरपणा जातो आणि ती आणखी सैल होते. पिनवर काळा थर चढतो, अडथळा वाढतो, ती अजून तापते. शेवटी प्लास्टिक मऊ होतं, वायरीचं आवरण वितळतं आणि दोन तारा एकमेकींना लागतात. एमसीबी पडते ती तेव्हा, म्हणजे आग धरल्यावर. शॉर्ट हा या गोष्टीचा बहुतेक वेळा शेवट असतो. सुरुवात त्याच्या कितीतरी आठवडे आधी झालेली असते, आणि त्या आठवड्यांत वास, रंग, आवाज यांतून ती आपल्याला दिसत असते.

आधी नीट बघा

त्या सॉकेटवर नेहमीचं उपकरण वीस-पंचवीस मिनिटं चालवा. मग बटण बंद करा, प्लग बाहेर काढा आणि लगेच पिनांना बोटांची मागची बाजू लावून बघा. कोमट लागल्या तर ठीक. बोट ठेववत नसेल तर तो सॉकेट त्या क्षणापासून बंद. "एवढी इस्त्री होऊ दे, मग बघू" असं करू नका.

पिनांचा रंग बरंच काही सांगतो. एकच पिन काळी आणि बाकीच्या चकचकीत असतील तर त्या एका भोकातली पट्टी सैल झाली आहे किंवा तिच्या मागचा स्क्रू ढिला आहे. करंट नेणाऱ्या दोन्ही पिना काळ्या आणि प्लगजवळची वायर बोटभर लांब कडक झालेली असेल, तर उपकरणाच्या मानानं वायर बारीक आहे. प्लग थंड, पण बटणाचा भाग गरम असेल तर बटणाच्या आतले पॉइंट जळालेत. बोर्डावर हलकी टिचकी मारल्यावर बल्ब लुकलुकला तर आत कुठलातरी जोड सुटत आलाय.

वासाकडे दुर्लक्ष करू नका. बोर्डाचं प्लास्टिक तापायला लागलं की आधी जळका वास येतोच असं नाही. पुष्कळदा तो सडक्या मासळीसारखा येतो, आणि घरात मासे आणलेले नसताना माणसं मोरी धुऊन काढतात. असा वास पंख्याच्या बटणाजवळ किंवा फ्रिजमागे घुटमळत असेल तर मोरी सोडा आणि बोर्ड हुंगा.

एकाच खोलीऐवजी सगळ्या घरात काही दिवे एकदम लख्ख आणि काही मंद होत असतील तर तो वेगळा आणि जास्त धोक्याचा प्रकार आहे. न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) सुटत असतो. ज्या घराला किंवा वाड्याला तीन फेज आहेत तिथे न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. अशा वेळी टीव्ही, फ्रिज, चार्जर एका मिनिटात जातात आणि त्यातलं एखादं पेटतंही. मेन स्विच तात्काळ बंद करा आणि महावितरणला १९१२ वर फोन लावा. खांबावरचा किंवा मीटरआधीचा दोष घरच्या वायरमननं हात लावण्यासारखा नसतो.

दुरुस्ती म्हणजे नक्की काय काय

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण तो काय करतोय ते शेजारी उभं राहून बघा, कारण सॉकेट पुन्हा जळतो तो इथे वाचवलेल्या पाच मिनिटांमुळे.

सॉकेट बदलताना प्लगची पिनही बदलायचीच. माझ्या पाहण्यात नवे सॉकेट जळण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. जुन्या पिनवर जळून खड्डे पडलेले असतात. ती खडबडीत पिन नव्या सॉकेटमध्ये घातली की नवी पट्टीही तशीच खराब होते. सॉकेट नवा आणि पिनटॉप (प्लग) जुना, म्हणजे आजार तसाच ठेवून चादर बदलली.

नंतर वायरीचं टोक. जिथपर्यंत तांबं काळं पडलंय आणि आवरण कडक झालंय तिथपर्यंत वायर कापून टाकायची. खाली लालसर चकचकीत तांबं आणि मऊ आवरण दिसलं पाहिजे. काळ्या तांब्यावर कितीही घट्ट स्क्रू आवळला तरी तो जोड तापणारच. कापल्यावर वायर अपुरी पडली तर वायरमन पटकन एक तुकडा पिळून जोडतो, वर टेप गुंडाळतो आणि भिंतीत ढकलतो. तसं करू देऊ नका. मे महिन्यात त्या टेपचा गोंद सुटतो आणि जोड उघडा पडतो. जंक्शनपासून (वायरी जिथे एकत्र येतात त्या डबीपासून) सबंध नवी वायर ओढायला सांगा. पैसे जास्त लागतील, पण ते द्यावेत.

तारा पिळून, टोक दुमडून स्क्रूखाली घालायचं. घट्ट केल्यावर वायर ओढून बघायची. हलली तर परत. तांब्याच्या बारीक तारा दाबाखाली बसत जातात, म्हणून महिन्याभरानं मेन बंद करून तोच स्क्रू पुन्हा एकदा आवळायचा. हे कुणीच करत नाही आणि जास्त लोडच्या सॉकेटला याची खरी गरज असते.

पेठांतल्या जुन्या घरांत अजून ॲल्युमिनियमची वायर सापडते. ती तांब्यापेक्षा जास्त फुगते-आकसते, तिच्यावर लवकर थर धरतो, आणि तांब्याशी सरळ पिळून जोडली की तो जोड सैल होणार हे ठरलेलं. अशा घरात सॉकेट पुन:पुन्हा जळत असेल तर सॉकेट बदलत बसण्यात अर्थ नाही. निदान गिझर, एसी, मोटार आणि स्वयंपाकघर एवढ्यांची लाइन तरी तांब्याची करून घ्या.

त्या सॉकेटवर एवढा भार टाकायचा होता का?

घरातला लहान तीन पिनांचा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. म्हणजे २३० व्होल्टवर साधारण १३८० वॅट. मोठा १६ अँपिअरचा, म्हणजे ३६८० वॅट. आता आपली उपकरणं बघा. इस्त्री ७५० ते १००० वॅट, पाणी तापवायचा रॉड १००० ते १५००, किटली १५००, इंडक्शन शेगडी २००० च्या आसपास. रॉड आणि किटली लहान सॉकेटच्या हद्दीवर आहेत किंवा हद्दीबाहेर. इंडक्शन तर नक्कीच बाहेर. मोठ्या पिनेला लहान सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर बाजारात पन्नास-शंभर रुपयांना मिळतो. तो प्रत्येक घरातून काढून टाकायला हवा. मोठी पिन मोठी का केली याचं कारणच तो पुसून टाकतो.

कूलर स्वतः फार करंट घेत नाही. दीडशे-अडीचशे वॅट, म्हणजे जेमतेम एक अँपिअर. तरी कूलरचाच सॉकेट का जळतो? कारण कूलर खिडकीजवळ लागतो आणि तिथे सॉकेट नसतो, मग एक्स्टेंशन बोर्ड येतो. त्या बोर्डाला चार भोकं असतात, म्हणून त्याच्यावर फ्रिज जातो, सकाळी इस्त्री जाते, मोबाइल तर असतातच. सगळ्यांचा करंट शेवटी भिंतीतल्या एकाच पिनमधून येतो. बोर्डाची वायर बहुतेक वेळा दुकानात 'तेवीस शहात्तर' म्हणून मिळणारी बारीक वायर असते, पाऊण चौरस मिलिमीटरही नाही. ती चटईखालून किंवा दाराच्या फटीतून नेलेली असेल तर तापलेली हवा जायलाही जागा नाही. गुंडाळी सोडवली नसेल तर मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि तिथूनच आवरण चिकटायला लागतं. एक्स्टेंशनवर इस्त्री, रॉड, गिझर, इंडक्शन, मोटार यातलं काहीही लावायचं नाही, एवढा एकच नियम पाळला तरी खूप झालं. आणि एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन लावणं आजच बंद करा.

भिंतीतली वायर आणि एमसीबी यांची जोडी जुळते का तेही बघून घ्या. दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, मोठ्या सॉकेटला २.५, गिझर-एसीला ४. २.५ च्या वायरीवर १६ ची एमसीबी असावी. "सारखी पडते म्हणून ३२ ची टाकून दिली" असं ऐकलं की मला काळजी वाटते. सारखी पडणारी एमसीबी बरोबर काम करत असते, आणि ३२ ची घातली की वायरच फ्यूज होते. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार वेढून ठेवणंही तेच. १६ ची एमसीबी १८ अँपिअर तासाभराहून जास्त वेळ सहन करते, तेवीसला तासाभरात केव्हातरी पडते. म्हणजे तिचा आकडा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही. भार त्याच्या बराच खाली ठेवायचा.

आणि आपल्या गावाचं ऊन. वायरीच्या पाकिटावरचे आकडे एक ठरावीक तापमान धरून काढलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, आणि पत्र्याच्या खोलीत छताला लागून गेलेल्या वायरीभोवती पन्नास सहज. पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतच टिकतं. ३० अंशांला २० अँपिअर नेणारी वायर ५० अंशांला जेमतेम १४ च नेते. हिवाळ्यात निमूट चालणारा सॉकेट वैशाखात का जळतो त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. पत्र्याला चिकटून गेलेली वायर भिंतीवरून, पाइपमधून, निदान हातभर खालून घ्या.

पाण्याच्या दिवशी

सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळी गल्ली एकाच वेळी मोटार लावते. विजेचा दाब खाली येतो. एक हॉर्सपॉवरची मोटार चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, एरवी सेकंदभरच. पण दाब कमी असला किंवा पंख्यात गाळ, क्षार अडकलेला असला की ती फिरतच नाही, नुसती घुमते, आणि तो पाच-सहा पट करंट सुरूच राहतो. मोटार घुमतेय आणि पाणी येत नाही असं दिसलं की दोन-तीन सेकंदांत बंद करा. "घेईल घेईल" म्हणत थांबायचं नाही.

दुसरं म्हणजे तिची जोडणी. मोटार आठवड्यात एक-दोनदा लागते म्हणून तिला कायमचा पॉइंट नसतो. खिडकीतून वायर बाहेर, पिन नाही, उघड्या तारा सॉकेटच्या भोकात घालून वर काडी खोचलेली. ओल्या अंगणात. त्यानं शॉकही बसतो आणि आगही लागते. मोटारीला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग आणि मोटारीच्या करंटला जुळणारा ओव्हरलोडचा स्टार्टर बसवा. नवी मोटार किंवा रिवाइंडिंग याहून महाग पडतं.

कूलर उतरवताना

माळ्यावर आठ महिने पडलेला कूलर सरळ पाणी भरून चालू करू नका. पंखा हातानं फिरवून बघा. जड फिरत असेल तर बुशमधलं तेल सुकलंय, मोटार घुमेल आणि तापेल. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पंपावर पांढरा थर बसून तो अडकतो, म्हणून तो सोडवून धुवा. मोटारीच्या वायरी उंदरानं कुरतडल्यात का बघा, माळ्यावर ते हमखास होतं. मुख्य म्हणजे, बाजूचं गवत जुनं, भुसभुशीत झालं असेल तर बदला. टाकीतलं पाणी संपून कूलर रात्रभर कोरडा चालला की ते गवत कडकडीत वाळतं, आणि अडकलेली मोटार त्याच्यापासून वीतभर अंतरावर तापत असते. रात्री झोपताना टाकी भरलेली हवी. नसेल तर कूलरच बंद करून झोपा.

एसीला स्वतंत्र लाइन हवी. स्टॅबिलायझर कपाटावर कपड्यांच्या ढिगात ठेवू नका.

घरात माग असेल तर

अशोक चौक, दत्त नगर, विडी घरकुल भागात खाली माग आणि वर संसार अशी घरं आहेत. तिथे मी वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचा धोका वाढतो, कारण हवेत सुताचं बारीक तूस उडत असतं. ते मोटारीवर, स्टार्टरमध्ये, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, बोर्डाच्या भोकांत साचतं. एरवी ढिल्या सॉकेटमधली ठिणगी जागीच विझते. तुसाला ती लागली तर जाळ भिंतीवरून सरसर जातो. बोर्ड झाकणाचे, बंद पेटीतले असावेत. पाळी संपली की मोटारी आणि स्टार्टरवरचं तूस मेन बंद करून ब्रशनं काढावं. ब्लोअर मारला तर ते उडून दिव्यांवर जाऊन बसतं.

जिना मोकळा ठेवा. हे मी हात जोडून सांगतो. सुताच्या कांड्या, टॉवेलचे गठ्ठे, चादरींच्या थप्प्या जिन्यातच ठेवायची सवय पडलेली असते, आणि वर माणसं झोपतात. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली. त्यात आठ माणसं गेली, आवारातच राहणाऱ्या कुटुंबातलं तान्हं मूल त्यांच्यात होतं. जिथे कापूस आणि झोपायची खोली एकाच छपराखाली आहे तिथे बाहेर पडायला दुसरी वाट असायलाच हवी. मागचं दार, गच्चीकडचं दार, खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारा भाग, काहीही चालेल. त्याची किल्ली कपाटात नको. दाराजवळच्या खिळ्याला टांगा, आणि ती कुठे आहे हे लहान मुलांनाही माहीत असू द्या.

विड्या वळणाऱ्या मावशींच्या घरात तंबाखू आणि वाळकी पानं असतात. पुडकी शेगडीपासून आणि बोर्डापासून लांब, पत्र्याच्या डब्यात ठेवली तर बरं.

सॉकेट ठीक आहे, तरी घर जळू शकतं

देवघर. समईतली पेटती वात उंदीर ओढून नेतो, हे आपल्या आज्या सांगत आल्या आहेत आणि ते खरं आहे. तेल-तुपाच्या वासानं तो येतो, वात तोंडात धरतो आणि कपाटाखाली पळतो. नवरात्रातला नंदादीप नऊ दिवस, रात्रंदिवस जळतो, म्हणून त्याला काचेची चिमणी किंवा जाळीचं झाकण हवं, आणि खाली कापडाऐवजी पितळी परात. कोजागरीला सगळं घर तुळजापूरला चालत निघतं तेव्हा कुलूप लावायच्या आधी देवघरातली उदबत्ती विझवा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा आणि फ्रिज सोडून बाकीच्या एमसीबी खाली करा.

डासांची कॉइल खाटेखाली ठेवतात. वरून लोंबणारी चादर तिला टेकली की जाळ दिसत नाही. कापूस तासन्‌तास आतल्या आत धुमसतो आणि धुरानंच माणूस बेशुद्ध पडतो. कॉइल ताटलीत, भिंतीपाशी, अंथरुणापासून चार हात लांब असू द्या. झोपून विडी-सिगारेट ओढणंही याच कारणानं बंद.

गॅसची नारंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर मुदत छापलेली असते. आजच बघून घ्या. जोडांवर साबणाचं पाणी लावलं आणि फुगे आले तर गळती आहे. काडी लावून तपासणं म्हणजे जिवाशी खेळ. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून वास आला की दारं उघडा, रेग्युलेटर बंद करून सिलिंडरला टोपी लावा, आणि कुठलंही बटण चालू किंवा बंद, दोन्ही करू नका, एक्झॉस्ट फॅनचंही नाही. घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती देवघराखाली किंवा बंद कपाटात नको. टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली की तो जोडही सॉकेटसारखाच तापतो. इन्व्हर्टर बंद करून कोमट पाण्यानं पुसा, कोरडं झाल्यावर घट्ट आवळून व्हॅसलीन लावा.

ई-स्कूटरचं चार्जिंग जिन्याखाली किंवा दारात करू नका. ती पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. कंपनीचाच चार्जर वापरा. उन्हातून आलेली बॅटरी थंड झाल्यावर लावा, आणि घर झोपलेलं असताना लावू नका. फुगलेली बॅटरी, मग ती मोबाइलची असली तरी, पुन्हा चार्जिंगला लावायची नाही.

जाळ दिसलाच तर

सगळ्यांत आधी माणसं बाहेर, मग मेन स्विच, तोही हाताला येत असेल तरच. वीज चालू असताना सॉकेटवर पाणी मारू नका. कढईतलं तेल पेटलं तर त्यावर पाणी कधीच नाही. गॅस बंद करा, वर परात किंवा झाकण ठेवा, आणि थंड होईपर्यंत उघडू नका. घरात दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक असेल तर ते शेगडीजवळ न ठेवता दाराजवळ ठेवा. शेगडी पेटल्यावर तिथे हात पोचत नाही. पिन काढा, नळीचं तोंड जाळाच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, आडवं फिरवा. ते काही सेकंदांतच संपतं, तेवढ्यात विझलं नाही तर मागे फिरा आणि जाताना खोलीचं दार ओढून घ्या. धूर असेल तर रांगत या, चांगली हवा जमिनीलगत असते. भाजलं असेल तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको.

१०१ किंवा ११२ ला फोन करताना गल्लीचं नाव आणि जवळची खूण सांगा, आणि एका माणसाला चौकात उभं करा. पेठांतल्या बोळांत बंब शिरायला वाट शोधण्यात वेळ जातो. तोपर्यंत शेजाऱ्यांना गाड्या हलवायला सांगा.

विझल्यावर "आता काही नाही" म्हणून लगेच मेन चालू करू नका. तापलेल्या भिंतीतल्या वायरींचं आवरण बाहेरून दिसत नसताना आत वितळलेलं असतं, आणि मारलेलं पाणी पाइपमध्ये साचलेलं असतं. वायरमनला मेगर (वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं मीटर) घेऊन बोलवा. प्रत्येक लाइन सुटी करून मोजायला सांगा. जिचा आकडा एक मेगओहमच्या खाली येईल ती वायर बदलायची. बाकीच्या लाइन एकेक करून चालू करायच्या, आणि प्रत्येक चालू केल्यावर बोर्डाला हात लावून बघत, थोडं थांबून मगच पुढची.